डोंगरावर बीजगोळे टाकायला जाणाऱ्यांना खुलं पत्र: बी झाका, आणि उंदराचं औषध तर नकोच

ठाणे आणि नवी मुंबईतल्या डोंगरांवर दर पावसाळ्यात बीजगोळे, म्हणजे बिया भरलेले माती-शेणाचे गोळे, घेऊन जाणारी मंडळं, सोसायट्या, शाळा आणि कंपन्यांमधली हौशी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक निरोप आला. ५ जूनला ठाण्याच्या येऊरच्या जंगलाच्या बाजूला बीजगोळे टाकायला जायचं आहे, लाल माती आणि शेण आणून ठेवलंय, बिया जमल्यात, टोप्या छापायला टाकल्यात. इथवर नेहमीचंच. खाली एक ओळ होती: ‘मागच्या वर्षी उंदीर-घुशींनी बरंच खाल्लं, म्हणून या वेळी गोळ्यांत थोडं उंदराचं औषध मिसळू या.’ त्यावर अकरा जणांनी अंगठे दिले होते. मी बारावी. ‘नको’ एवढंच लिहिलं. कुणी का म्हणून विचारलं नाही आणि विषय टोप्यांच्या रंगाकडे गेला. ते ‘का’ इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असा विचार आमच्या एकाच ग्रुपमध्ये आला असेल असं मला वाटत नाही.

माझी ओळख म्हणाल तर मी वनस्पतिशास्त्रातली कुणी नाही. बँकेत नोकरी केली, वर्तकनगरला राहते. माहेर मुरबाड तालुक्यातलं, भातशेतीचं. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन-चारदा येऊरच्या रस्त्याला चालायला जाते, आणि पाड्यावरच्या दोन-तीन घरांशी आता येणं-जाणं झालंय. मला जे काही कळतं ते बरंचसं त्यांच्याकडून आणि थोडं वाचून.

मागच्या वर्षीचे ते गोळे मी चौथ्या दिवशी बघायला गेले होते. पाऊस आला नव्हता. रस्त्यापासून पन्नासेक पावलांवर, जिथे बस थांबवून फोटो काढले होते, तिथेच बहुतेक गोळे पडलेले. डोंगरावर चढून टाकायचा बेत उन्हामुळे बारगळला असावा. लाडवाएवढे गोळे, वाळून विटेसारखे झालेले. काही घरंगळत नाल्यात गेले होते. काहींना मधोमध चीर गेली होती आणि त्या चिरेतून काळ्या मुंग्यांची रांग आत-बाहेर करत होती. एक गोळा अगदी लाडू फोडावा तसा दोन भागांत फुटलेला. आत चिंचोक्याची टरफलं आणि एक सीताफळाची बी, तिला काठ खरखरीत असलेलं गोल भोक. ते उंदराच्या दातांचं काम. आंब्याच्या कोयी मात्र कुणी गोळ्यात घातल्या नव्हत्या, तशाच टाकल्या होत्या. त्या जागी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली, म्हणजे रात्री रानडुकरं येऊन गेली होती. जरा वर साळिंदराचा एक काटा सापडला, तो अजून माझ्या पेनस्टँडमध्ये आहे.

तेव्हा ग्रुपमधल्यांचं निदान चुकीचं नाही. जनावरांनी खाल्लं हे खरंच आहे. पण आपण ते ताटात वाढून ठेवलं होतं, त्याचं काय?

आमच्याकडे मुरबाडला भाताचा राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या, शेणी अंथरून जमीन भाजायची, पाऊस लागला की तिथे दाणा फेकायचा, तो मातीत मिसळायचा, रोपं वितीएवढी झाली की उपटून आवणी. काही जण पावसाआधीच कोरड्या मातीत पेरत, तिला धूळवाफेची पेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर धूळवाफ साधते, आठ दिवस लांबला तर अर्धा दाणा पाखरं, मुंग्या आणि उंदीर नेतात. आमचे वडील धूळवाफ करायचे त्या वर्षी आम्हा पोरांना दिवसभर पाखरं हाकायला बांधावर बसवायचे. पत्र्याचा डबा आणि काठी. म्हणजे जिथे दाणा उघडा, तिथे राखणदार हवा, हे अडाण्यालाही ठाऊक होतं. आपण जंगलात शुद्ध धूळवाफ करतो आणि राखणीला कुणी नाही.

त्यात आपला मुहूर्त. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो, म्हणून सगळ्यांच्या बसेस ५ जूनला किंवा त्याच्या आधीच्या रविवारी. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो, आणि तोही लगेच धरून पडतो असं नाही. मृगाच्या दोन सरी येतात, पुन्हा ऊन पडतं. म्हणजे बी निदान आठवडा, कधी पंधरा दिवस उघड्यावर. आणि हे पंधरा दिवस जंगलातल्या उपासमारीचे. उन्हाळा संपत आलेला, गवत वाळून गेलेलं, कितीतरी उतारांवर वणवा लागून गेलेला. खारघरच्या आणि पारसिकच्या डोंगरांवर मे महिन्यात काळे पट्टे दिसतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. अशा जळलेल्या उघड्या जमिनीवर चिंचोका लांबून दिसतो आणि शेणाचा वास लांबवर जातो.

पाड्यावरच्या दादांना मी मागच्या वर्षीचे ते फुटके गोळे दाखवले. त्यांनी एक हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाले, “ताई, दाणा उघडा टाकला की पाखराचा. झाकला की आपला.”

मातीच्या गोळ्याची ही कल्पना जपानमधल्या मासानोबू फुकुओका नावाच्या शेतकऱ्यामुळे जगभर गेली. पाखरांनी आणि उंदरांनी बी खाऊ नये याचसाठी ते बी चिकणमातीत गुंडाळत. पण त्यांचे गोळे लहान, चण्या-बोराएवढे, आणि पेरणी शेतात, दरवर्षी त्याच जमिनीवर, त्याच माणसाच्या देखरेखीखाली. आपण त्याचा लाडू केला, त्यात शेण घालून वास वाढवला, चार-चार बिया एकत्र कोंबल्या म्हणजे एका उंदराला एका फेरीत चारही मिळाव्यात, आणि वर तो चढावर फेकला. शाळेतल्या मुलांनी बनवलेल्या गोळ्यांना नावं ठेवायची नाहीत मला. माती मळताना त्यांचे चेहरे मी पाहिलेत. पण त्यांना गोळा बनवल्यावर पुढे काय होतं तेही दाखवलं पाहिजे.

आता औषधाबद्दल. बाजारात मिळणाऱ्या उंदीरमार गोळ्या-वड्यांपैकी बऱ्याच रक्त गोठू न देणाऱ्या असतात. उंदीर खाऊन लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्त, अर्धमेला फिरतो. असा सुस्त उंदीर सगळ्यात आधी कुणाला सापडणार? घुबडाला. विष त्याच्या पोटात. शेतातली आणि गोदामांतली विषं घुबडांच्या शरीरात सापडतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलंय. येऊरला घुबडं आहेत, उदमांजरं आहेत, बिबटे तर आहेतच, आणि धामणी आहेत. धामणीचं मुख्य खाणंच उंदीर. एक धामण मारली की बिळातले किती उंदीर वाचतात याचा हिशेब आमचे आजोबा तोंडावर करायचे. म्हणजे औषध घातलं की उंदीर मरतील, त्यांना खाणारे मरतील, आणि पुढच्या वर्षी उंदीर परत येतील. उंदीर महिन्यांत वाढतात, घुबडं वर्षांत.

आणि हे बेकायदा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच जंगली प्राण्याला विष घालणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ‘आम्ही झाडं लावत होतो’ हे सांगून तिथे सुटका होणार नाही. शिवाय गोळे मळणारे हात मुलांचे आहेत. ते हात डब्यातल्या पोळीला लागणार. यावर जास्त काय लिहायचं.

गंमत अशी की उंदीर मारणारं झाड आपण या डोंगरांवर आधीच भरपूर लावून ठेवलंय. फेब्रुवारीत येऊरच्या आणि पारसिकच्या कडेला गुलाबी फुलांनी डवरलेली जी झाडं दिसतात, ज्यांचे आपण फोटो काढतो, ते गिरिपुष्प. मराठीत त्याचं दुसरं नाव उंदीरमारी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड, तिकडे त्याची साल आणि पानं धान्यात मिसळून उंदीर मारतात. ग्लिरिसिडिया या त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही तोच. झपाट्याने वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लागवडीत घेतलं गेलं. आज डोंगर उंदीरमारीने भरलाय, उंदीर मजेत आहेत, आणि त्या झाडाखाली ऐन, खैर, कुसुम शोधून सापडत नाहीत. उपाय नावावरून निवडला की असं होतं.

बरं, ही सगळी जनावरं बी खातात ती केवळ नासाडीच करतात असंही नाही. चितळ आवळे खातात आणि रवंथ करताना आठळ्या दूर कुठेतरी टाकतात. उदमांजराची विष्ठा कातळावर पडलेली बघा, त्यात भेरली माडाच्या आणि जांभळाच्या अख्ख्या बिया असतात, चांगल्या धुतल्यासारख्या. माकडं बहाव्याची शेंग फोडून काळा गर चाटतात, बी थुंकतात. धनेश, बुलबुल, वटवाघळं यांच्याशिवाय उंबर-वडाचं कुळ पुढे सरकणार नाही. डॅनियल जॅन्झेन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक विचार मांडला, तो मला फार पटतो. मूळ झाडाखाली बी ढिगाने पडतं, तिथेच ते खाणारे किडे आणि उंदीर जमतात, म्हणून तिथलं बी बहुतेक मरतं. जे दूर गेलं ते जगतं. त्यामुळेच उष्ण प्रदेशातल्या जंगलात एकाच जातीचं रान माजत नाही, शेजारी शेजारी वेगवेगळी झाडं उभी राहतात. म्हणजे खाणारेही जंगल घडवतात. आपलं काम एवढंच की खाणाऱ्यांच्या वाटचं त्यांना देऊन थोडं आपल्या वाटचं वाचवायचं.

ते कसं, हे मी तीन पावसाळे छोट्या प्रमाणावर करून पाहिलंय, आमच्या सोसायटीच्या मागे डोंगराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत आणि पाड्यावरच्या एका शेताच्या बांधावर. फसलेलंही सांगते.

पहिल्या वर्षी मी जांभळाच्या बिया एका खड्ड्यात मूठभर घातल्या. सकाळी खड्डा रिकामा, बाजूला मातीचा छोटा ढीग. घूस. मूठभर एका जागी म्हणजे वास जास्त आणि सापडलं की सगळं सापडलं. दुसऱ्या खेपेला एका जागी एकच बी, दोन-दोन हातांवर, बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, आणि वर माती दाबून त्यावर आजूबाजूचाच पालापाचोळा. उकरलेली ओली माती तशीच दिसत राहिली तर डुकराला आमंत्रण. हे पाचोळ्याचं मला दादांनी शिकवलं. त्यावर बोरीची किंवा बाभळीची एक काटेरी फांदी आडवी, दगडाने दाबलेली. आपल्याकडे परड्यात मिरचीच्या रोपांभोवती लावतात तशीच. उंदीर लहान, तो काट्यांतूनही जातो, पण डुक्कर, शेळी, कोंबडी थांबतात. उतारावर बी दगडाच्या वरच्या अंगाला घालायचं म्हणजे पहिल्या पावसात वाहून जात नाही.

पेरणी मृगात नाही, आर्द्रात करायची. म्हणजे २२ जूनच्या पुढे, जमीन दोन वीत भिजल्यावर. तोवर मुंग्या आणि उंदरांना खायला गवताचे कोंब, किडे, दुसरंही बरंच आलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला उशिरा कळलं: बी जमिनीत जितके दिवस पडून राहील तितके दिवस ते चोराच्या हाताशी. बहाव्याचं कवच इतकं कडक की न फोडता टाकलं तर वर्ष वर्ष तसंच पडून राहतं. म्हणून पेरण्याआधी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायचं, पांढरं दिसेस्तोवर, मग रात्रभर पाण्यात. फुगलेलं बी आठ-दहा दिवसांत कोंब काढतं. जांभूळ उलटं, त्याचं बी साठवलं तर मरतं. ते फळातून काढलं की लगेच मातीत. आणि ज्या बिया सगळ्यांनाच आवडतात, चिंचोका, मोहाची बी, आंब्याची कोय, त्या उघड्या जंगलात पेरायच्याच नाहीत. त्यांची रोपं घरी दुधाच्या पिशवीत करा आणि हातभर झाल्यावर न्या. ही मुलांना देण्यासारखी कामगिरी आहे. (आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तीन पिशव्या उंदरांनी उकरल्या. वर जाळी टाकल्यावर थांबलं. तेव्हा शहरातही गाफील राहू नका.)

किडलेलं बी पेरण्यात तर काही अर्थच नाही. बहाव्याच्या, शिरीषाच्या बियांना टाचणीएवढं गोल भोक दिसलं की समजायचं भुंगा आतलं खाऊन गेला. पाण्यात टाकलं की असं बी तरंगतं. ते बाजूला काढा.

बियांना मिरची लावली तर उंदीर दूर राहतील का, असं बरेच जण विचारतात. अमेरिकेत मोंटाना राज्यात संशोधकांनी आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाची पूड बियांना चोपडून पाहिली. तिथल्या रानउंदरांनी ते बी खाणं बरंच कमी केलं. मिरचीचा झोंबरेपणा उंदराला कळतो, पाखरांना नाही. पोपट मिरच्या खुशाल खातो तो त्याचमुळे. मीही लवंगी मिरची कुटून लावली. दोन रात्री बी शाबूत राहिलं, तिसऱ्या दिवशी धो-धो पाऊस आला आणि मिरची धुऊन गेली. तिकडे ती चिकटवण्यासाठी लेप वापरतात. आपल्या पावसापुढे घरगुती पूड टिकत नाही. पण कुणा कॉलेजच्या प्रयोगशाळेला हे करून बघायचं असेल तर विषय चांगला आहे. स्पेनमध्ये ग्रानाडाच्या संशोधकांनी ओकच्या बियांसाठी एक छोटं आवरण काढलंय, दोन निमुळते भाग जोडलेले, कोंब बाहेर येतो पण उंदीर आत शिरत नाही. आपल्याकडे बांबूच्या पेरापासून तसं काही करता येईल असं मला वाटतं. अजून केलेलं नाही.

एक गोष्ट अप्रिय आहे पण लिहिते. उंदीर-घुशी वाढल्यात त्या आपोआप वाढलेल्या नाहीत. शनिवार-रविवारी येऊरला जे पार्ट्यांचं उष्टं पडतं, रस्त्याकडेला वडापावचे कागद, बिर्याणीचे डबे, त्यावर वर्षभर पोसलेली ही प्रजा. सोमवारी सकाळी चालताना मी त्यांना भरदिवसा पाहते. बीजगोळे टाकायला येणारी बस परतताना नाश्त्याच्या प्लेटा तिथेच टाकून गेली, हेही पाहिलंय.

आता मोजणीबद्दल. २०१९ मध्ये राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. तेव्हापासून आपल्यालाही मोठ्या आकड्यांची चटक लागली असं मला वाटतं. ‘एक लाख बीजगोळे’ असा फलक मी स्वतः पाहिलाय. किती टाकले हे सांगणारे भेटतात, ऑक्टोबरात किती उभे होते हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. माझी विनंती आहे की या वर्षी प्रत्येक मंडळाने निदान एक छोटा तुकडा, वीस पावलं बाय वीस पावलं, दोरी लावून ठरवून घ्यावा. दसऱ्याच्या सुमारास एकदा आणि पुढच्या वर्षी मृगाआधी एकदा तिथे जाऊन उगवलेलं मोजावं. आकडा बारा आला तरी तो ग्रुपवर टाका. मी पहिली टाळी वाजवीन.

वनखात्यातल्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. बीजपेरणीची परवानगी देताना तारीख आर्द्राच्या पुढची द्या, ५ जूनची मागितली तरी. आणि पेरणीच्या दिवशी पाड्यावरच्या चार माणसांना रोजंदारी देऊन सोबत घ्यायची अट घाला. कुठल्या कातळामागे ऐन येतो आणि कुठे डुकरांची वाट आहे हे त्यांना ठाऊक आहे, आपल्याला नाही.

आमच्या ग्रुपला मी सांगितलंय की ५ जूनला मी येणार नाही, २८ जूनला येईन, आणि औषध कुणी आणलंच तर त्या दिवशीही येणार नाही. टोपी नको. कुदळी चार आहेत, पाचवी कुणी आणली तर बरं.

मार्चमध्ये जमवलेल्या बहाव्याच्या शेंगा मी गच्चीवर वाळवून फोडल्यात. आतल्या बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या वेगळ्या केल्या, बुडालेल्या पुन्हा वाळवून ठेवल्या. तीन डबे भरलेत. ज्यांना हव्यात त्यांनी पावसाआधी सांगा, पॉलिश पेपर आपापला आणा.

आपली,
वर्तकनगरची एक चालणारी